झोपेला विरजण

कुणी "आनंदावर विरजण पडलं" असं म्हटलं की मुकादमचं डोकं सटकायचं.

"का हो, विरजणानं तुमचं काय घोडं मारलंय?" ती कमरेवर हात ठेवून विचारायची. "विरजण पडतं म्हणून दुधाचं दही होतं. नाहीतर ते नासतं आणि मोरीत जातं. काही वाईट झालं तर आनंदात लिंबू पिळलं म्हणा. विरजणाला नावं ठेवायचं काम नाही."

समोरचा माणूस निमूटपणे दह्याचा डबा उचलायचा आणि काढता पाय घ्यायचा.

मुकादम ही खरं तर कुणाचीच मुकादम नव्हती. एका डेअरीत दही लावणारी बाई होती ती. आवाज असा, की पलीकडच्या शिंप्याची कात्री थांबायची, म्हणून नाव पडलं मुकादम, आणि तिलाही ते आवडलं. पुढं दुकान आणि मागं तीन खोल्या. पहिलीत दूध तापायचं, दुसरीत दही लागायचं, तिसरीत लागलेलं दही गार व्हायचं. मधली खोली तिची. भिंतीशी हीटर, लाकडी फळ्या, फळ्यांवर ओळीनं स्टीलची पातेली, पातेल्यांवर झाकणं आणि झाकणांवर जुनी जाड पांघरुणं. थंडीत पोरं गुरफटून निजवावीत तशी ती पातेली निजलेली असायची.

डेअरीत तिचा दरारा होता आणि तो फुकट मिळालेला नव्हता. कॅन धुणाऱ्या हळूबाईचे हात गार पाण्यानं फुटले तेव्हा मालक म्हणाले होते, "बघू या." मुकादम म्हणाली, "तुम्ही बघा, तोवर कॅन तसेच राहतील." दूधवाला रिकामे कॅन मागायला आला आणि दारात उभा राहून बोंबलायला लागला तेव्हा कुठं मालकांना गिझर सुचला. तेव्हापासून हळूबाईनं मुकादमला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हळूबाई तशीही कमी बोलायची. कुणी घाईनं कॅन आदळला की "हळू" एवढंच म्हणायची. तिचं नाव त्यावरूनच पडलं होतं.

मधल्या खोलीच्या दारावर पाटी नव्हती. पाटीचं काम मुकादम स्वतःच करायची. दूध मनगटावर थेंब टाकून जोखायचं, कोमट झालं की विरजण घालायचं, एकदाच हलवायचं, झाकायचं, दार ओढून किल्ली कमरेला लावायची. मग आत कुणी जायचं नाही. खुद्द मालक एकदा "लागलं का बघतो" म्हणत आत शिरले होते. तिनं त्यांना दारातच अडवलं.

"मालक, दही लावायचं काम आपलं. लागायचं काम त्याचं. तुम्ही बघत बसलात तर ते लाजतं."

मालक हसले आणि परत फिरले. तो काळ तसा होता.

मग एका थंडीत हीटर मध्येच बंद पडला आणि कुणाला कळलंही नाही. दुपारी झाकणं काढली तर पातेल्यात पांढरं पाणी. मुकादम भांडायच्या तयारीनं मालकांसमोर गेली. हीटर जुना आहे, मी कधीची सांगतेय, सगळी वाक्यं तोंडात तयार होती. पण मालकांनी भांडणच केलं नाही. त्यांनी तिच्याकडं मायेनं बघितलं आणि म्हणाले, "असू द्या हो. वय झालं की होतं असं."

शिवी दिली असती तर ती परतफेड करून घरी जाऊन गाढ झोपली असती. ह्या वाक्याची परतफेड कशी करायची हे तिला कळेना. त्या रात्री ती कुशी बदलत राहिली. वय झालं? कुणाचं? हीटरचं झालंय. ह्याला हे तेव्हाच का नाही सुनावलं मी? सकाळी उठली ती डोळे चोळत. दुसऱ्या रात्री अंथरुणाला पाठ टेकताना तिच्या मनात आलं, आज तरी झोप लागेल ना? आणि तिथंच माशी शिंकली. झोपेची काळजी करणाऱ्याकडं झोप फिरकत नाही, ती बेफिकीर माणसाच्या घरी जाऊन बसते.

बेफिकीर माणूस तिच्याच घरात होता. तिचा नवरा रस्त्याच्या कोपऱ्यावर पंक्चर काढायचा. पाठ टेकली की तो गेलाच. बोलताबोलता, वाक्याच्या मध्यात, कधीकधी जोडाक्षराच्या मध्यात. ती विचारायची, "अहो, ऐकताय ना?" आणि उत्तरादाखल घोरणं यायचं.

"तुम्हाला झोप येते कशी हो इतकी?" एकदा सकाळी तिनं दात ओठ खात विचारलं.

"अगं, मी पंक्चर काढतो तशीच झोप काढतो," तो चहा फुंकत म्हणाला. "ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात बघायचं. तुझी हवा कुठून जाते ते बघ आधी."

"माझी हवा तुमच्या घोरण्यातून जाते."

"मग मी दुकानात झोपतो, टायरांवर."

"झोपा. टायरांनाही कळू दे, मी काय सोसते ते."

तो खरंच दोन-चार रात्री टायरांवर झोपला आणि तिथंही मस्त झोपला. ह्याचा तिला जास्त राग आला.

घरात तिसरी होती ती मुलगी. तिनं आईला ओढत डॉक्टरकडं नेलं. मुकादम गोळ्या नाकारायचं भाषण तयार ठेवून गेली होती, पण त्या डॉक्टरबाईंनी गोळ्यांचं नावच काढलं नाही. शांतपणे सगळं विचारलं. चहा किती, शेवटचा कधी, दुपारी डुलकी काढता का, अंथरुणात पडून काय करता. मग म्हणाल्या, दुपारनंतर चहा बंद. दिवसा झोपायचं नाही. रात्री डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणात शिरायचं नाही, आणि आत शिरून झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मंद उजेडात, काहीतरी साधं काम करत. सकाळी मात्र रोज ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली असली तरी.

सल्ला सोन्यासारखा होता. पण तो पडला मुकादमच्या हातात, आणि तिला कुठलीही गोष्ट शांतपणे करता येत नव्हती. तिनं झोपेवर मोर्चा काढला.

दुपारनंतर चहा बंद म्हणजे घरात सगळ्यांचाच बंद. नवरा लपून शिंप्याकडं चहा प्यायला लागला. संध्याकाळी ती घरातले दिवे एकेक करून मालवत फिरायची. मुलगी ज्या खोलीत अभ्यास करत असेल तिथलाही. वरच्या मजल्यावरचा सुतार रेडिओ लावायचा, तर ती वर जाऊन त्याला सांगून आली की ह्यापुढं रेडिओ ऐकायचा तर कानाला लावून. तो बिचारा म्हणाला, "मावशी, बातम्या आहेत." ती म्हणाली, "सकाळीही असतात, शिळ्या खा." मग सगळं घर चिडीचूप करून ती अंथरुणात पडायची आणि डोळे मिटून वाट बघायची. घड्याळ उशाशी. मध्येमध्ये एक डोळा उघडून काटा कुठं आलाय ते बघायचं. हात जड झाले का? पाय जड झाले का? आत्ता वाटलं ते पेंगणं होतं का? ही तपासणी चालू असताना झोप दारातून डोकावून परत जायची.

आणि घरचे कमी होते का? त्यांनाही आता काळजी. नवरा दुकान बंद करून आला की दारातून हळूच विचारायचा, "लागली का गं?" थोड्या वेळानं मुलगी दार किलकिलं करायची, "आई, लागली का?" मुकादम उठून बसायची आणि म्हणायची, "लागत होती, तुम्ही घालवलीत."

ह्या सगळ्याचा परिणाम डेअरीत दिसायला लागला. मधल्या खोलीतलं दही बिघडायला लागलं. पूर्ण नाही, पण वरती पाणी सुटायचं, कापल्यावर काप उभा राहायचा नाही. हीटर तर आता नवा आणला होता. दूध तेच होतं, विरजण तेच. दुकानात येणाऱ्या एका आजोबांनी डबा तिरका करून बघितला आणि मुकादमला म्हणाले, "बाई, हे दही आहे की दुधाचं रडणं?" तिनं डबा त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि आत बघितलं. दही खरंच रडत होतं.

मालकांनी तिला आत बोलावलं. पुन्हा तो मायेचा चेहरा.

"मुकादमबाई, येत्या आठवड्यात वसतिगृहाची मोठी ऑर्डर आहे. नीट लागलं तर प्रश्नच नाही. नाही लागलं तर मी दही लावायचं मशीन घेतोय. तुम्ही काउंटरला बसा. खुर्चीवर बसायचं, डबे द्यायचे, चार शब्द गोड बोलायचे. तब्येतीलाही बरं."

मुकादम बाहेर आली. मशीन एक वेळ चाललं असतं. पण चार शब्द गोड? रोज? कुणाशीही? आयुष्यभर जी खोली तिनं किल्लीनं सांभाळली ती जाणार आणि बदल्यात हसरं तोंड मिळणार. त्यापेक्षा कॅन धुतलेले परवडले.

त्या संध्याकाळी ती इतकी दमली होती की कपडे घडी घालतानाच तिची मान खाली गेली. ती तशीच आडवी झाली. घड्याळ उशाशी घ्यायचं राहिलं, सुताराचा रेडिओ ऐकू येतोय का हे तपासायचं राहिलं. जरा वेळानं मुलीनं दार किलकिलं केलं आणि सवयीनं विचारलं, "आई, लागलं— लागली का?"

अंधारातून जड, घोगरा आवाज आला. "अजून पातळ आहे. झाकण ठेव."

मुलगी दारातच खाली बसली. तोंडात ओढणी कोंबून हसली, पण हसू कसलं थांबतंय. बाप धावत आला. तिनं त्याला सांगितलं तर तोही सुटला. त्या खिदळण्यानं मुकादम ताडकन उठून बसली.

"काय झालं? कोण हसतंय?"

"आई, तू झोपेत बोललीस. तू झोपली होतीस."

"मी? मी जागी होते."

"जागी होतीस तर तुझ्या अंगावर झाकण ठेवायला सांगत होतीस का?" नवरा डोळे पुसत म्हणाला.

मुकादमनं दोघांनाही खोलीबाहेर काढलं. पुढची सगळी रात्र पुन्हा तशीच गेली, पण वैतागताना मध्येच एकदा तिलाही हसू आलं.

मुलीच्या पोटात गोष्ट राहणं शक्य नव्हतं. कॉलेजला जाताना ती डेअरीत दूध घ्यायला आली आणि मागच्या दारात हळूबाईला सगळं सांगून गेली. हळूबाई कॅन घासत होती. हसताना तिच्या तोंडातला एकमेव वरचा दात दिसायचा, तो दिसला. मग तिनं कॅन पालथा घातला, पदराला हात पुसले आणि मधल्या खोलीशी उभ्या असलेल्या मुकादमकडं गेली.

"पातळच राहणार," ती म्हणाली.

"काय?"

"तू झाकण किती वेळा उघडतेस?"

"कशाचं झाकण?"

"दोन्हींचं."

मुकादमच्या कपाळावर आठी चढली. "नीट बोल, हळूबाई. कोडी घालू नकोस."

"मी तिथं बसते," हळूबाईनं मोरीकडं बोट केलं. "दार समोर दिसतं मला. हीटर बिघडल्यापासून तू सारखी आत जातेस. किल्ली तुझी, म्हणून तुला कोण अडवणार. झाकण उचलतेस, पातेलं तिरकं करतेस, चमचा घालून बघतेस. गार हवा जाते आत. लागत आलेलं मोडतं. मालकाला तूच सांगितलं होतंस ना, बघितलं की लाजतं म्हणून?"

"मी जाते आत?" मुकादम म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आपल्या हातातला चमचा दिसला. ती आत्ताच बाहेर आली होती.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुला कोण बोलणार?" हळूबाई म्हणाली. "मला गरम पाणी पाहिजे अजून."

मुकादम दुकानाच्या मागं जाऊन रिकाम्या कॅनवर बसली. आधी राग आला, हळूबाईचा. मग स्वतःचा. मग हळूहळू सगळं दह्यासारखं जमून यायला लागलं. एक डोळा उघडून घड्याळ बघणं म्हणजे झाकण उचलणंच की. हात जड झाले का, पाय जड झाले का, म्हणजे चमचा घालणंच की. दह्याला ऊब द्यायची आणि पाठ फिरवायची, हे ज्या बाईला उभ्या शहरात सगळ्यांत नीट कळत होतं, तीच झोपेच्या पातेल्याशी रात्रभर चमचा घेऊन उभी होती. आणि "लागली का" विचारणारे ते दोघं बाप-लेक, ते म्हणजे मधल्या खोलीत शिरणारे मालक.

घरी जाऊन तिनं फर्मान काढलं, पण ह्या वेळी छोटं. "मला लागली का हे कुणी विचारायचं नाही. बास." घड्याळ तिनं पिठाच्या डब्यात टाकलं आणि वर झाकण लावलं. सुताराला जाऊन सांगितलं, "लाव तुझा रेडिओ, पण बातम्या संपल्या की बंद कर." नवऱ्याला बजावलं, की पुन्हा टायरांवर झोपायला जायचं नाही.

"आणि घोरलो तर?" त्यानं विचारलं.

"घोरा. हीटरचाही आवाज होतोच की."

डॉक्टरबाईंचे नियम तिनं सोडले नाहीत, फक्त त्यांच्यावर पहारा ठेवणं सोडलं. झोप येईना तर स्वयंपाकघरात मंद दिव्याखाली बसून नवऱ्याच्या पँटींचे खिसे शिवायची. पंक्चरवाल्याचे खिसे स्क्रू आणि खिळ्यांनी कायम फाटलेले, काम संपायची भीती नव्हती. डोळे जड झाले की उठून अंथरुणात जायची. कधी लगेच लागायची, कधी उशिरा. एखाद्या रात्री खिसे संपले तरी लागायची नाही. तेव्हा ती म्हणायची, "असू दे, थंडीच्या दिवसात दह्यालाही वेळ लागतो," आणि सकाळी ठरल्या वेळी उठायची. लगेच जादू झाली नाही. पण नवऱ्याच्या लक्षात आलं की सकाळी चहा देताना ती आता कप आदळत नाही.

वसतिगृहाच्या ऑर्डरचा दिवस उजाडला. मुकादमनं दूध मनगटावर जोखलं, विरजण घातलं, एकदाच हलवलं, झाकलं, पांघरुणं घातली, दार ओढलं. मग किल्ली कमरेवरून काढून हळूबाईच्या हातात ठेवली.

"दुपारपर्यंत कुणालाही द्यायची नाही. मी मागितली तरी."

हळूबाईनं किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

पहिला थोडा वेळ बरा गेला. मग मुकादमनं बाटल्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या, आणि हळूबाईपाशी येऊन उभी राहिली.

"जरा दे तर किल्ली. आतला दिवा चालू राहिलाय वाटतं."

"नाही राहिला."

"अगं, हीटर बघायचाय फक्त."

"भिंतीला हात लाव. गरम आहे."

"हळूबाई, खोली कुणाची आहे?"

"तुझी," हळूबाई म्हणाली. "किल्ली माझी."

"मी तुला गिझर आणून दिला, विसरलीस?"

"म्हणूनच देत नाही. हळू."

मुकादम पाय आपटत मधल्या खोलीच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पाठीमागं तीच भिंत होती, पलीकडून हीटरनं उबवलेली. तिनं डोकं टेकवलं, फक्त क्षणभर. हळूबाईला पुढं काय सुनवायचं ते मनात जुळवायला लागली. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्याच्या मध्यात, नवऱ्यासारखीच, जोडाक्षरावर, ती गेली.

मालक दुपारी आले तेव्हा हळूबाई मोरीवरून उठून ओठांवर बोट ठेवून उभी होती. बाकावर मुकादम, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. तिच्या गुडघ्यांवर कुणीतरी एक जुनं पांघरूण टाकलं होतं. दुकानातल्या पोरी, शिंपी, सगळे दबक्या पावलांनी बघून जात होते. दरारा असलेलं माणूस झोपलेलं बघायला सगळ्यांनाच आवडतं.

मालकांनी कुजबुजत विचारलं, "लागलं का?"

हळूबाईनं गाठ सोडली, दार उघडलं, कडेच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं एक काप उचलला. काप उभा राहिला. कडा अशी की बोटाला कापेल. पाण्याचा थेंब नाही.

"दोन्हीही," हळूबाई म्हणाली.

मालकांनी काप खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग खिशातून मशीनचं रंगीत पत्रक काढून चमचा त्यालाच पुसला.

कॅन उचलायला आलेल्या दूधवाल्यानं एक कॅन आदळला. सगळ्यांनी मिळून "हळू" केलं, पण उशीर झाला होता. मुकादमनं डोळे उघडले. समोर मालक, हळूबाई, शिंपी, आणि कॉलेजातून परस्पर डेअरीत आलेली मुलगी. मालकांच्या मिशीला दही.

मिशी बघून तिला सगळं कळलं. ती उठली, पांघरूण नीट घडी घालून फळीवर ठेवलं, हळूबाईपुढं हात पसरला. हळूबाईनं किल्ली दिली.

"वय झालं की होतं असं, मालक," मुकादम किल्ली कमरेला लावत म्हणाली. "तोंड पुसा."

मुलगी मात्र सोडणाऱ्यातली नव्हती. कुणाची लेक. "आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय? दुपारी झोपायचं नाही."

"झोपलंय कोण?" मुकादम म्हणाली. "मी झोपले नाही. मला लागली."